सशाचा वरचा सूर

बफेलो, वायोमिंग
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय व्हर्नन,

रॉस्को गेला. सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला, कुंपणाचे खांब बदलत असताना. मी जेवायला हाक मारायला गेले तर खांबाला टेकून बसलेला. त्याच्या वहीत तुझा पत्ता होता, पण तो पाहायला मला दोन महिने लागले. तुझ्या त्याच्या इतक्या वर्षांच्या शिकारी, आणि तुला मातीला बोलावलं नाही, याची माफी मागते.

आता कामाचं. जूनपासून कायोटी कोल्ह्यांनी माझी एकतीस कोकरं नेली. सरकारने विष बंद केल्यापासून आम्ही त्यांना शिटीवर बोलावूनच मारत आलो. रॉस्को मरत्या सशासारखी रडणारी शिटी फुंकायचा, मी बंदूक धरायची. नेम माझा त्याच्यापेक्षा बरा, हे तो घरात कबूल करायचा, चारचौघांत कधी नाही. पण शिटी मी आयुष्यात तोंडाला लावलेली नाही. आणि माझा शहाणपणा बघ, तू त्याला दिलेली ती शिटी, दातांच्या खुणांनी भरलेली, मी त्याच्या कोटाच्या खिशात घालून त्याच्याबरोबर पुरली. त्या दिवशी तेच बरोबर वाटलं.

चाऱ्याच्या दुकानात चौकशी केली तर चार माणसांनी पाच सल्ले दिले. एक म्हणतो लाकडी घे, दुसरा म्हणतो प्लास्टिकची, तिसरा लांबलचक भोंगा दाखवतो. वॉलेस ट्रिबल म्हणाला, "अल्मा, बॅटरीवरचं यंत्र घे. रेकॉर्ड लावायची नि गप बसायचं." मी म्हटलं, "आणि ते धूड टेकडीवर तू वाहून नेणार का, वॉलेस?" त्यावर तो चाऱ्याची पोती मोजायला लागला.

तू इतकी वर्षं शिट्या बनवतोस. मी एकसष्ट वर्षांची आहे, श्वास बेताचा, हात अजून स्थिर. चारशे मेंढ्या आहेत आणि माणूस मी एकटी. कुठली घेऊ ते सांग.

अल्मा हॉस्टेटलर


सॅमन, आयडाहो
२५ नोव्हेंबर १९७८

प्रिय अल्मा,

पत्र बायकोने, लुएलाने वाचलं आणि मला देऊन स्वयंपाकघरात गेली. मी लेथ बंद करून टाकलं. रॉस्कोसारखा शांत बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या टोपीवर एकदा चिमणी बसली होती, खोटं सांगत नाही.

लुएला म्हणते, मी हल्ली घरात ओरडून बोलतो. पत्रातही तसं वाटलं तर मनावर घेऊ नकोस.

आता ऐक. यंत्र नको. यंत्राला कायोटी दिसत नाही. तो थबकला की आवाज बारीक करायचा, पाठ फिरवली की ऊर फुटेस्तोवर रडायचं, हे त्याला कोण सांगणार? आणि थंडीत बॅटरी मान टाकते. हाताची शिटीच घे.

हाताच्या शिटीत तुझ्या कामाचे तीन प्रकार. पहिलीत थरथरून आवाज काढणारी पत्ती नळीच्या आत बंद असते. फुंकलं की सशाचं रडणं निघतं, शिकावं लागत नाही. पण तिचा आवाज एकच, आणि कडाक्याच्या थंडीत थुंकी गोठून बसते. दुसरीत पत्ती उघडी असते, ती दातांनी-ओठांनी दाबून धरायची. टोकाकडे दाबलीस तर आवाज उंच, मुळाकडे दाबलीस तर जाड. ससा, हरणाचं पाडस, कायोटीचं पिल्लू, सगळे तिच्यात आहेत, पण हात बसायला महिना जातो. तिसरी रबरी फुग्याची. मुठीत दाबायची, उंदरासारखी चिकचिक करते. जनावर शंभर पावलांवर येऊन घुटमळलं की शेवटचं बोलावणं तिचं. लांब भोंग्यातून कायोटीचीच आरोळी निघते, तो आत्ता नको. तो फेब्रुवारीत, त्यांच्या जोड्या जुळतात तेव्हा.

तिन्ही पाठवतोय. तिन्ही याच वर्षी माझ्या हातच्या, पहिल्या दोन अक्रोडाच्या लाकडाच्या. पैशाचं नाव काढू नकोस.

वारा तोंडावर घे, ऊन पाठीवर. बँडवाल्यासारखं फुंकू नकोस. ससा मरतोय, हे मनात धर. एखादं दुःख आठव. हे वाक्य लिहिल्यावर खोडावंसं वाटलं, पण शाईने लिहून बसलो.

व्हर्नन टकेट


बफेलो, वायोमिंग
२९ डिसेंबर १९७८

प्रिय व्हर्नन,

पार्सल मिळालं. शिट्या इतक्या देखण्या आहेत की तोंडाला लावायला संकोच वाटला.

पहिली, बंद पत्तीची, तू म्हणालास तशी दुसऱ्याच दिवशी गोठली. आता काखेत धरून नेते, कोंबडीच्या अंड्यासारखी. उघड्या पत्तीचं काय झालं ते तुला सांगू की नको असं झालंय, पण सांगते. मला वरची कवळी आहे. पहिल्याच जोराच्या फुंकीला शिटी आणि कवळी दोन्ही बर्फात. मी गुडघ्यांवर बसून दात शोधतेय आणि कुत्रा समोर बसून माझ्याकडे असा बघतोय, की रॉस्को असता तर आठवडाभर हसला असता.

पण बंद पत्तीची मी नीट वाजवली. सात सकाळी गेले. तू सांगितलंस तसंच बसले. पाचव्या सकाळी कायोटी आला. ओढ्यापलीकडे, चारशे पावलांवर. मी फुंकलं. त्याने मान तिरकी केली, खाली बसला, ऐकलं, आणि दुकानात भाव विचारून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा उठून चालायला लागला. पळालासुद्धा नाही, व्हर्नन. पळाला असता तर निदान मला पाहिलं असं म्हणता आलं असतं. फुगा दाबायची वेळच आली नाही.

या महिन्यात नऊ मेंढ्या गेल्या. दोन तर गोठ्याच्या भिंतीला लागून. धाकटा दीर क्लिफ्टन नाताळला आला होता, सरळ म्हणाला, "वहिनी, विकून टाक. हे बाईमाणसाचं काम नाही." मी त्याच्या ताटात अजून बटाटे वाढले. भांडायला सुद्धा श्वास लागतो.

माझं काय चुकतंय?

अल्मा


सॅमन, आयडाहो
८ जानेवारी १९७९

प्रिय अल्मा,

कवळीचं मला आधी विचारायला हवं होतं, ती चूक माझी. रुंद तोंडाची नवी शिटी पाठवतोय. ओठांनीच धरायची, दात लागत नाहीत.

बाकी स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे. अडतीस वर्षं मी शिट्या करतोय. माझ्या शिटीवर कायोटी खाली बसला, हे मी आजवर ऐकलेलं नाही. तू पोटातून फुंकत नाहीस, गालांतून फुंकतेस. मग आवाज मेलेला निघतो. बायका बहुधा असंच करतात. लुएलालाही कधी जमलं नाही. एकसष्टाव्या वर्षी छातीत दम कमी असणार हेही खरं.

रोज अर्धा तास घरात फुंक. भिंतीवरचं घड्याळ थांबेल असं फुंक.

लोक हल्ली माझ्याकडे कमी येतात, सगळ्यांना यंत्रं हवीत. पण शिटी चुकत नसते. फुंकणारा चुकतो.

व्हर्नन


बफेलो, वायोमिंग
१९ फेब्रुवारी १९७९

प्रिय व्हर्नन,

रोज फुंकते. कुत्रा आता शिटी हातात घेतली की दार उघडण्यासाठी पंजा मारतो. पोटातून फुंकते. इतकं की परवा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहावं लागलं.

तुझी नवी शिटी घेऊन अकरा वेळा बाहेर गेले. तीनदा कायोटी दिसले. तिन्ही वेळा वळले. मधे वादळात सहा दिवस दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा वरच्या कुरणात चौदा मेंढ्या पडलेल्या होत्या. बर्फाने किती मेल्या आणि दातांनी किती, हे मोजत बसले नाही.

शेजारच्या मर्ल ऑस्ट्रँडरचा पेरू देशातून आलेला मेंढपाळ आहे, सेलेस्तिनो. तो मी फुंकत असताना घोड्यावरून आला. टोपी काढून म्हणाला, "सेन्योरा, तुमच्या घराचं दार करकरतंय, तेल घाला." मी म्हटलं, "अरे, हा ससा आहे." तो टोपी पुन्हा डोक्यावर घालत म्हणाला, "नाही सेन्योरा. मी ससे ऐकलेत. हे दार आहे."

तुला हसू यावं म्हणून लिहिलं. त्याला काय कळतंय. शिटी तुझी आहे, म्हणजे ती बरोबरच असणार. माझ्या छातीतच काही उरलेलं नाही. बेचाळीस वर्षांत जे रॉस्कोने जमवलं ते मी एका हिवाळ्यात, फुंकता येत नाही म्हणून घालवतेय. त्याच्या फोटोकडे बघवत नाही, म्हणून फोटो तोंड भिंतीकडे करून ठेवलाय.

एप्रिलच्या मध्याला मेंढ्या व्यायला लागतील. तोवर काही उपाय सुचला तर कळव. नाही सुचला तरी दोन ओळी लिही.

अल्मा


सॅमन, आयडाहो
६ एप्रिल १९७९

प्रिय अल्मा,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. लाज वाटत होती.

तुझ्या पत्रातल्या त्या दारावर मी हसलो नाही. मला रागच आला. खिशात शिटी घातली आणि शाळेत बँड शिकवणाऱ्या ड्वेनकडे गेलो, शिटी बरोबर आहे असं त्याच्याकडून लिहून घ्यावं नि तुझ्या त्या मेंढपाळाला पाठवावं म्हणून. ड्वेनने फुंकली. मी विचारलं, "कशी आहे?" त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुंकली आणि कागदावर लिहिलं. बोलला नाही, लिहिलं, कारण आपण काहीही बोललो तरी म्हाताऱ्याला दोनदा सांगावं लागतं हे गावाला माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, 'वरचा सूर नाहीच.'

मग डॉक्टर झाले. कानात यंत्रं घालून तास-दीड तास बसवलं. वरचे सगळे सूर गेलेत. सहा-सात वर्षं झाली असावीत म्हणतात. लेथ, बंदुका, वय.

सशाच्या किंकाळीत जो सुईसारखा वरचा तुकडा असतो, कायोटी त्याच्यासाठी येतो. तो मला ऐकू येत नव्हता. म्हणून मी पत्ती कापत राहिलो, घासत राहिलो, मला ऐकू येईपर्यंत. स्वतःला ऐकू यावा म्हणून मी आवाज खाली खाली आणत गेलो, अल्मा. सात वर्षं. लोक यंत्रांकडे गेले असं मी समजत होतो. ते माझ्याकडून निघून गेले होते, आणि एकानेही तोंडावर सांगितलं नाही. मी सात वर्षं लोकांना दारं विकली.

आणि तुला लिहिलं की छातीत दम नाही. बायका असंच करतात, असंही लिहिलं. ते पत्र जाळून टाक.

घरात बासष्ट तयार शिट्या होत्या, त्या शेगडीत घातल्या. सोबत एक पाठवतोय. १९६१ साली केलेली, माझी स्वतःची, चेरीच्या लाकडाची. तेव्हा माझे कान शाबूत होते. हिच्याबद्दल मी शपथ घेऊ शकतो. बंद पत्तीची आहे, कवळीला त्रास नाही. मेंढ्या व्यायच्या आत पोचेल असा हिशेब करून आजच टपालात टाकतोय.

जे काही झालं ते लिही. काहीही असलं तरी.

व्हर्नन


बफेलो, वायोमिंग
१० मे १९७९

प्रिय व्हर्नन,

शिटी एप्रिलच्या बारा तारखेला, अगदी वेळेवर पोचली. काय सांगू तुला! पहिल्या सकाळी चार मिनिटांत कायोटी समोर. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. तेव्हापासून कुरणात शांतता आहे. मेंढ्या छान व्यायल्या, पुष्कळ जुळी झाली. कोकरं फक्त चार गेली, आणि त्यातली दोन तर जन्मतःच अशक्त होती.

तेव्हा तू आता स्वतःला खाणं बंद कर. हिवाळा वाईट होता, तो सगळ्यांचाच वाईट होता. पत्र जाळलं नाही, पण त्यात काय होतं ते विसरले. तुझ्या हाताने माझा कळप वाचला, एवढं लक्षात ठेव.

लुएलाला नमस्कार.

अल्मा


बफेलो, वायोमिंग
१० मे १९७९

प्रिय ओपल,

तू विचारतेस मी ऑरेगॉनला तुझ्याकडे कधी येणार. ऑक्टोबरपर्यंत घर रिकामं करायचं आहे, मग बघू. बहिणीच्या घरी दोन महिने गोड लागतात, पुढे काय ते तुलाही माहीत आहे.

आज मी एका चांगल्या माणसाला दोन पानं खोटं लिहिलं. कुणाला तरी खरं सांगितलं पाहिजे, म्हणून तुला सांगते.

मेंढ्या मी नऊ मार्चला विकल्या. व्हर्ननचं पत्र येत नव्हतं. मला वाटलं, त्यानेही माझी आशा सोडली. बाईला फुंकता येत नाही, तिला काय लिहायचं, असं झालं असेल. त्या दिवशी वरच्या कुरणात अजून तीन पोटुशी मेंढ्या गळा फाडलेल्या सापडल्या. मी घरी आले आणि खरेदीदाराला फोन केला. चोवीस मार्चला ट्रक आले. सगळ्या पोटुशा होत्या, त्यामुळे हळू चढत होत्या. क्लिफ्टन म्हणाला, "शहाणपणा केलास, वहिनी." या वेळी मी त्याला बटाटे वाढले नाहीत.

व्हर्ननची शिटी आली ती बारा एप्रिलला. त्याच्या पत्रात सगळं होतं. त्याचे कान गेलेत, शिट्या चुकीच्या होत्या, माझी छाती नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि शिटी घेऊन टेकडीवर गेले. बंदूक नेली नाही. राखायला काय होतं? खाली कुरण मोकळं पडलेलं.

फुंकलं, ओपल. तो आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. चार मिनिटं नाही झाली, सेजच्या झुडपांतून कायोटी धावत आला. चाळीस पावलांवर येऊन थांबला. त्याच्या मिशांवरचं दंव दिसत होतं. मी हात हलवला तेव्हा कुठे पळाला.

सगळा हिवाळा मी रॉस्कोची माफी मागत होते. आता कळलं की माझा दोष नव्हता, तर हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. कळलं नसतं तर बरं होतं. दोष माझा होता तोवर निदान त्या मेंढ्या जाणारच होत्या. आता असं झालंय की त्या वाचल्या असत्या.

हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने लिहू? त्याचं कानांबरोबर सगळं गेलं. त्याला माझा कळप तरी असू दे.

अल्मा


सॅमन, आयडाहो
२ जून १९७९

प्रिय अल्मा,

तुझं पत्र लुएलाने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग रविवारी चर्चमध्ये ड्वेनला वाचायला दिलं. या वर्षात मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे येतोय. एकोणीस तारखेला रॉस्कोच्या थडग्यावर जाऊ, आणि मग मला तुझ्या मेंढ्या बघायच्या आहेत. नाही म्हणू नकोस. लुएलाने नवे बूटसुद्धा घेतले.

व्हर्नन


सॅमन, आयडाहो
३० सप्टेंबर १९७९

प्रिय अल्मा,

घरी सुखरूप पोचलो. तू केलेला पीचचा केक लुएलाने रस्ताभर संपवला.

हे पत्र लिहावं की नाही, यात आठ दिवस गेले. तू कुंपणापाशी उभी राहून ओढ्याकाठच्या मेंढ्या दाखवल्यास. चाळीसेक असतील. म्हणालीस, बाकीच्या वर डोंगरात आहेत. मी म्हणालो, चांगल्या पोसल्यास. त्यांच्या पाठीवर मालकाच्या खुणेचा रंग हिरवा होता, अल्मा. रॉस्को आयुष्यभर निळा लावायचा. मी बहिरा झालोय, आंधळा नाही. मेंढ्या व्यायच्या शेडच्या दारात घोट्याएवढं गवत उगवलं होतं. चारशे मेंढ्या ज्या दारातून ये-जा करतात तिथे गवत उगवत नाही.

परतताना पेट्रोल भरलं. लुएला आत गेली तेव्हा पंपावरच्या माणसाला मी कागदावर लिहून विचारलं. त्याने उत्तर लिहून दिलं, हिरवा रंग मर्लचा आणि तू ऑरेगॉनला चाललीस हेही. ट्रक चोवीस मार्चला आले होते. मी तुला पत्र टाकलं सहा एप्रिलला. ड्वेनने मला सत्तावीस फेब्रुवारीला सांगितलं होतं. त्याच दिवशी मी ती जुनी शिटी टपालात टाकली असती, तर मार्च उजाडल्याबरोबर तुझ्या हातात असती. तेवढे दिवस मी माझी लाज कुरवाळत बसलो होतो. कान गेले यात माझा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांबद्दल त्यांना मी विचारलेलं नाही.

मर्लने मेंढ्या उसन्या दिल्या, त्याचे माझ्या वतीने आभार मान. त्या एका सकाळसाठी तुला त्या ओढ्यापर्यंत हाकत आणाव्या लागल्या असतील. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझ्याकडून काही परत ऐकायचं नाही, आणि सांत्वनाचं तर मुळीच लिहू नकोस. तुझा ऑरेगॉनचा पत्ता मात्र कळव.

लुएलाला मी सांगितलेलं नाही. ती अजून दुकानात, चर्चमध्ये, भेटेल त्याला सांगते, आमच्या व्हर्ननने वायोमिंगात चारशे मेंढ्या वाचवल्या. लोक माझ्याकडे वळून बघतात. मला ऐकू आलं नाही, असं मी दाखवतो.

व्हर्नन